जुना फोन, नवा फोन आणि वर्गाचा चार्ज



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण सगळ्यांच्या खिशातला आहे. जुन्या फोनमधला डेटा नव्या फोनमध्ये कसा न्यायचा? कोणती बटणं दाबायची हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात, आणि बहुतेक बरोबरच सांगतात. पण त्या सगळ्यांचा सूर एकच असतो : सगळंच्या सगळं तिकडे गेलं पाहिजे, काही राहता कामा नये. मला हे अर्धंच पटतं. निदान शिक्षकाच्या फोनच्या बाबतीत तरी ‘सगळं आलं का?’ याच्या आधी ‘यातलं माझं किती?’ हा प्रश्न विचारायला हवा.

बदली झाली की आपण चार्ज देतो. कपाटाच्या किल्ल्या, जनरल रजिस्टर, जडवस्तू संग्रह नोंदवही, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, अगदी घंटा आणि झेंड्याची दोरीसुद्धा यादीत येते. देणारा मोजून देतो, घेणारा मोजून घेतो, दोघं सही करतात. शाळेची खुर्ची कोणी घरी नेत नाही आणि आपली छत्री कोणी शाळेत सोडून येत नाही. मग फोन बदलतानाच असं काय होतं, की दुकानातला मुलगा म्हणतो, “सर, पिन सांगून ठेवा, तासाभरात सगळं टाकून देतो,” आणि आपण पिन सांगून चहा प्यायला जातो? वाईट त्या मुलाला म्हणायचं नाही. तो त्याचं काम करतो, आणि बहुतेक जण चांगलंच करतात. पण जनरल रजिस्टर आपण असं कोणाच्या हातात दिलं असतं का?

आता त्या फोनमध्ये काय काय असतं ते बघा. वर्गातल्या मुलांची आधार कार्डं, पुढून आणि मागून. शिष्यवृत्तीसाठी मागवलेले बँक पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, एखाद्या लेकराचं दिव्यांग प्रमाणपत्र. नवोदयचे फॉर्म. यू-डायसमध्ये नाव आणि जन्मतारीख जुळेना म्हणून पालकांनी रात्री दहा वाजता पाठवलेला जन्मदाखला. खिचडीचे रोजचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो, स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलींचे व्हिडिओ. आणि पालकांचे खासगी निरोप : घरात भांडण झालंय, आज पोरगी गप्प असेल, जरा सांभाळून घ्या. हे सगळं आपल्या पुतण्याच्या लग्नाच्या फोटोंच्या शेजारी, एकाच गॅलरीत.

यातला बराचसा ऐवज आपण मुद्दाम जमवलेला नाही. वरून लिंक येते, दुपारी बारापर्यंत माहिती भरा म्हणतात, शाळेत धड संगणक नाही, असला तर वीज नाही. मग पालकांना सांगावं लागतं, व्हॉट्सॲपवर फोटो टाका. काम होतं, फोटो तसेच राहतात. चार वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या मुलाचं आधार कार्डसुद्धा अजून फोनमध्ये असतं. आणि फोन बदलला की ते इमानदारीने नव्या फोनमध्ये येतं. डेटा ट्रान्सफर करणाऱ्या ॲपला काय कळणार कोण कधी पास झालं ते!

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे. त्याचं साधं तत्त्व असं, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसावी. दुसऱ्या एखाद्या कायद्याने ती ठेवायला सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षकाच्या खासगी फोनला यातलं काय किती लागू होतं यावर जाणकार वाद घालतील, घालू देत. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. दुसऱ्याच्या पोराचे कागद आपल्या खिशात आहेत, एवढं पुरे आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : नवा फोन घ्यायचा ठरला की दुकानात जाण्याच्या आठवडाभर आधी जुन्या फोनचा चार्ज तयार करायचा. वहीत यादी नको, फक्त निवड. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ म्हणून जागा असते. तिथे कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली आहे ते मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने दिसतं. वर्गाचा पालक ग्रुप आणि केंद्राचा ग्रुप हे दोन उघडले तरी निम्मं काम तिथेच होतं. शाळेला लागणारी कागदपत्रं शाळेच्या संगणकावर किंवा मुख्याध्यापकांकडच्या पेनड्राइव्हवर द्यायची आणि फोनमधून काढायची. जे पोर्टलवर भरून झालंय ते नुसतंच काढायचं.

एक गोष्ट मात्र घाईने पुसू नका. आपल्यातले अनेक जण मुलांच्या वाचनाचे आवाज फोनवर टिपून ठेवतात. जुलैत अक्षर-अक्षर जोडत वाचणारी पोरगी मार्चमध्ये घडाघडा गोष्ट वाचते, ते दोन तुकडे एकापाठोपाठ ऐकले की बाकी कुठल्या प्रगतिपत्रकाची गरज उरत नाही. हे आवाज रेकॉर्डर ॲपच्या फोल्डरमध्ये असतात. गूगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओ सांभाळतं, आवाजाच्या फायली नाही. त्यामुळे फोटो आले म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाचे हे आवाज हमखास मागे राहतात. माझ्या मते त्यांची खरी जागा आपल्या नव्या फोनमध्येही नाही. ते त्या मुलीच्या आईबापांकडे जायला हवेत. पाठवून द्या आणि मग खुशाल पुसा.

निवड झाली की प्रत्यक्ष नेण्याचं काम फार अवघड नाही. नवा अँड्रॉइड फोन पहिल्यांदा सुरू केला की तो स्वतःच विचारतो, जुन्या फोनवरून आणायचं का. केबल जोडली तर काम लवकर होतं. कंपन्यांची आपापली ॲप आहेत : सॅमसंगचं स्मार्ट स्विच, विवोचं ईझीशेअर, आयफोनवर जाणाऱ्यांसाठी मूव्ह टू आयओएस. तेवढी पुरेशी आहेत. शेअरइट आणि झेंडर यांच्यावर भारत सरकारने जून २०२० मध्येच, ५९ ॲपच्या त्या यादीत, बंदी घातली आहे. तरी कोणीतरी ग्रुपवर त्यांची फाइल टाकतो आणि कोणीतरी ती घेतोही. कृपा करून घेऊ नका.

खरी गंमत, म्हणजे खरा घोळ, गूगल खात्यात असतो. दुकानात विचारतात, “मॅडम, जीमेलचा पासवर्ड?” आपल्याला आठवत नाही. मागे दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातच कोणीतरी ते खातं काढून दिलेलं असतं. मग उत्तर येतं, “काही हरकत नाही, नवीन काढून देतो.” झालं! जुन्या खात्यात साठवलेले नंबर, फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप, सगळं त्या जुन्या खात्यापाशी राहतं आणि नवा फोन कोऱ्या पाटीसारखा हातात येतो. तुमचा डेटा हरवलेला नसतो, पण त्याच्या खोलीची किल्ली बदललेली असते. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून जुन्या खात्याचा पासवर्ड बदलून घ्या, वहीत लिहून ठेवा. वहीत लिहू नये म्हणतात तज्ज्ञ. दहा जणांना तोंडी सांगण्यापेक्षा घरच्या कपाटातली वही बरी, असं माझं साधं मत आहे.

नंबरांचंही तेच. काहींचे नंबर गूगल खात्यात साठवलेले असतात, काहींचे नुसते फोनमध्ये, काहींचे सिममध्ये. नवा नंबर साठवताना वर बारीक अक्षरात कुठे साठवतोय ते लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? ते एकदा गूगलवर करून घेतलं की पालकांचे चाळीस नंबर पुन्हा गोळा करत बसावं लागत नाही.

व्हॉट्सॲपवर थोडं थांबतो, कारण रडारड होते ती इथेच. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो. पूर्वी या बॅकअपला ड्राइव्हची जागा मोजली जात नव्हती. २०२४ पासून ती तुमच्या १५ जीबीतच मोजली जाऊ लागली. फोटोंना १ जून २०२१ पासूनच जागा लागायला लागली होती. म्हणजे ईमेल, फोटो आणि व्हॉट्सॲप, तिघांना मिळून १५ जीबी. शिक्षकाच्या फोनला ते कधीच पुरत नाही. जागा भरली की बॅकअप थांबतो. एखादी सूचना येऊन जाते, आपण ती इतर शंभर सूचनांसारखी बाजूला सरकवतो.

आमच्या तालुक्यातल्या एका बाईंचं असंच झालं. फोन एक्सचेंजमध्ये दिला, जुना फोन त्याच दिवशी दुकानात गेला. घरी येऊन व्हॉट्सॲप सुरू केलं तर शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा. त्या आठ महिन्यांत त्यांचे वडील गेले होते. आजारपणात हात थरथरायचे म्हणून त्यांना लिहिता येत नसे, ते रोज संध्याकाळी आवाज पाठवायचे. “बाळ, पोचलीस का घरी?” एवढंच. बाई दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या, तोवर फोन पुसून पुढे गेला होता. बॅकअपच्या पानावर शेवटची तारीख लिहिलेली असते. ती बघायला अर्धं मिनिट लागतं.

ड्राइव्हमध्ये जागा नसेल तर दुसरा रस्ता आहे, आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्येच ‘चॅट ट्रान्सफर’ची सोय आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, वायफाय चालू ठेवायचं, एकाने दुसऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. ड्राइव्हची गरजच नाही. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर हे असं चालतं. एका जातीच्या फोनवरून दुसऱ्या जातीच्या फोनवर जायचं असेल तर मात्र नवा फोन अगदी पहिल्यांदा सुरू करतानाच ते उरकावं लागतं. आणि ड्राइव्हवरून आणायचं असेल तर नंबर तोच, गूगल खातं तेच, आणि नंबर टाकून झाल्यावर ‘रिस्टोअर करायचं का’ असं विचारलं की ‘हो’ म्हणायचं. घाईत ‘नको’ दाबलं तर ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं. बॅकअपला कोणी पासवर्ड लावला असेल तर तो आठवायलाच हवा. तो विसरला तर व्हॉट्सॲपवालेसुद्धा काही करू शकत नाहीत. कुलूपच तसं आहे.

यूपीआय आणि बँकेची ॲप येत नाहीत, येऊही नयेत. बँकेला दिलेला नंबर ज्या सिमवर आहे ते सिम नव्या फोनमध्ये घालायचं, एसएमएस जाईल एवढं रिचार्ज ठेवायचं आणि नव्याने नोंदणी करायची. नव्या फोनवर पहिल्या दिवशी रकमेला मर्यादा असते, तेव्हा ज्या दिवशी कोणाची फी भरायची आहे त्या दिवशी फोन बदलू नका. एमआधारही नव्याने. डिजिलॉकरला मात्र काही नेावं लागत नाही, लॉगिन केलं की कागद समोर. दीक्षा ॲपमध्ये उतरवून ठेवलेले धडे पुन्हा उतरवावे लागतात.

आता आणखी एक घोटाळा सांगतो, कारण तो निवड करतानाच होतो. नव्या फोनमध्ये फोटो दिसले की काही जण जुना फोन मोकळा करायला गूगल फोटोज उघडतात आणि ‘सगळे निवडा, पुसा’ करतात. तिथे पुसलं की ते खात्यातूनच पुसलं जातं, म्हणजे नव्या फोनमधूनही. घाबरू नका. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ‘बिन’मध्ये असतात, तिथून परत आणता येतात. जुना फोन रिकामा करायचा असेल तर फोटो एकेक पुसत बसू नका, फॅक्टरी रीसेट करा. त्याने खात्यातले फोटो जात नाहीत. हेच उलट बाजूनेही खरं आहे. मुलांची कागदपत्रं फोनमधून गेली, पण गूगल फोटोजने ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ फोल्डरचा बॅकअप कधीच घेऊन ठेवला असेल, तर ती खात्यात शाबूत आहेत. आणि त्या खात्याचं लॉगिन घरातल्या टॅबवर, मुलाच्या लॅपटॉपवर, कुठे कुठे असतं. तो फोल्डर बॅकअपमधून बंद ठेवलेला बरा.

कोणी म्हणेल, “सर, एवढं सगळं करायला वेळ कोणाला आहे? आधीच शिकवायला वेळ मिळत नाही.” बरोबर आहे. आणि राग यायचाच तर तो यावा अशा जागी, की शाळेचं काम शिक्षकाच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर चालतं. शाळेला एक फोन आणि एक नंबर असता तर यातला निम्मा लेख लिहावा लागला नसता. ती मागणी आपण करायलाच हवी. पण ती मंजूर होईपर्यंत कागद आपल्याच फोनमध्ये येणार आहेत, आणि तो फोन जुना होऊन बाजारात जाणार आहे. त्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला आपल्या वर्गातल्या मुलीचा पत्ता कळण्याचं काही कारण नाही.

माझी सूचना एवढीच, की बदली किंवा निवृत्तीच्या चार्ज यादीत एक ओळ वाढवावी : विद्यार्थ्यांची डिजिटल कागदपत्रं शाळेच्या संगणकावर सुपूर्द केली, खासगी फोनमधून काढली. खाली दोघांच्या सह्या. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं की झालं. निवृत्त होणाऱ्या सरांच्या फोनमध्ये पंधरा वर्षांचे स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ असतात. तेही या निमित्ताने शाळेला मिळतील, नाहीतर ते त्यांच्याबरोबरच जातात आणि शाळेकडे रौप्यमहोत्सवाला लावायला एक फोटो नसतो.

पालकहो, आता तुमच्यासाठी. घरात नवा फोन आला की जुना ‘अभ्यासाला’ म्हणून मुलाकडे जातो. त्यात आईचं गूगल खातं तसंच असतं, बाबांचं यूपीआय ॲप असतं, नातेवाइकांचे सगळे फोटो असतात. आता एकच व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनलाही जोडता येतं. तसं जोडलेलं राहिलं तर मोठ्यांची सगळी बोलणी सहावीतल्या मुलाला वाचायला मिळतात. काकूंबद्दल आई काय म्हणाली ते तो वर्गात येऊन सांगतो, हे मी थट्टेने लिहीत नाही. तेव्हा मुलाला फोन द्यायचा असेल तर तो आधी पूर्ण पुसून, नव्याने सुरू करून द्या. गूगलच्या फॅमिली लिंकमधून मुलाच्या नावाचं खातं उघडता येतं, त्यावर पालकांची देखरेख राहते. जुन्या फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं थांबलेलं असेल तर त्यावर पैशांचं कुठलंच ॲप ठेवू नका.

शेवटी पुसण्याचा क्रम. नवा फोन घेतल्यावर जुना निदान आठ दिवस घरात ठेवा. एक्सचेंजचे हजार-पाचशे कमी मिळाले तरी चालतील. या आठ दिवसांत काय आलं नाही ते रोजच्या कामात आपोआप कळतं. मग जुन्या फोनमधून गूगल खातं काढा. ते न काढता नुसतं रीसेट केलं तर फोन पुन्हा तेच खातं मागू शकतो आणि घेणारा तुमच्या दारात येतो. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा. त्यानंतर फॅक्टरी रीसेट. हे तिन्ही स्वतःच्या हाताने, घरी.

शिक्षण परिषदेत चार्ज यादीचा विषय मी मांडणार आहेच. ज्यांचा फोन या मे महिन्याच्या सुट्टीतच बदलायचा आहे, त्यांनी निदान सिमच्या शेजारी बसवलेलं मेमरी कार्ड आठवणीने काढून घ्यावं. फोन रीसेट केला तरी सहसा ते पुसलं जात नाही, आणि वर्गाचे जुने फोटो बहुतेक तिथेच असतात.